नागपूर ते नेदरलँड्स, पहिल्यांदाच : कागद, कुरडया आणि बाकीचा घोळ

ऊनसावली | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षं नुसती वाचत आले, आज लिहायची वेळ आली. लेक आणि सून आइंडहोव्हनला असतात. नात दीड वर्षाची झाली आणि आम्ही तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहतो. आता 'एप्रिलात याच' असा हुकूम सुटलाय. तीन महिने राहायचं.

मी ६१, शाळेतून निवृत्त. हे ६७. यांचे गुडघे कुरकुरतात, हे कबूल करत नाहीत. विमानात आजवर एकदाच बसलो, तेही आपल्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईपर्यंत. पासपोर्ट दोघांचाही नाही. लेक म्हणतो, 'आई, सगळं ऑनलाइन असतं.' असतं रे बाबा, पण माझी गोष्ट ऐका. आधारवर माझं आडनाव वानखडे, पेन्शनच्या पुस्तकात वानखेडे, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. इंग्रजीत एका ठिकाणी ए, एका ठिकाणी ई. आता मी नेमकी कोण, ते सरकारला कसं सांगू?

दुसरं म्हणजे, ट्यूलिप बघायला मिळतील का? आणि सोबत काय काय नेता येतं? सुनेनं कुरडया, सावजी मसाला आणि संत्रा बर्फी मागितली आहे.

---

जुनं दप्तर | ७ डिसेंबर, रात्री १०:२५

ताई, तिकीट, ट्यूलिप, बर्फी सगळं बाजूला ठेवा. आधी ते ए आणि ई मिटवा. तीस वर्षं सरकारी टेबलावर काढली आहेत, म्हणून सांगतो. कागद खोटा असला तर चालून जातो एखाद्या वेळी, पण दोन खरे कागद एकमेकांशी भांडत असले की फाइल अडते.

क्रम असा ठेवा. कोणतं स्पेलिंग कायमचं, ते घरी बसून ठरवा. आधार आणि पॅन त्या एकाच स्पेलिंगवर आणा. मग बँक. मग पासपोर्टचा अर्ज. पेन्शनच्या कागदाला वेळ लागेल, तोवर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. व्हिसाच्या फाइलला तेही जोडता येतं. लग्नाआधीच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर आताही नोंदणी करता येते, लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी.

जन्माच्या दाखल्याची काळजी करू नका. तो एकमेव पुरावा म्हणून सक्तीचा आहे तो १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. तुमच्या-माझ्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅनही चालतं. फक्त सगळीकडे तारीख एकच असू द्या. आमच्या पिढीत अर्ध्या वऱ्हाडाचा जन्म १ जुलैला झालेला आहे. गुरुजींनी शाळेत घालताना जी लिहिली ती तारीख.

---

ऊनसावली | ७ डिसेंबर, रात्री १०:५०

यांचा १ जुलैच! 😄 सासूबाई सांगायच्या, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म.

---

भर उन्हाळा | ८ डिसेंबर, सकाळी ८:०५

बाप्पा! काकू, पोळा कधी जुलैत येते का 😂 कागदावर जे आहे तेच चालू द्या, काकांना म्हणा पोळ्याची गोष्ट पासपोर्ट ऑफिसात नका सांगू.

मी मागच्या वर्षी आईचा काढला इथेच. घाबरण्यासारखं काहीच नाही. ऑनलाइन अर्ज, १५०० रुपये, ३६ पानी पुस्तक. साठीच्या वरच्यांना पहिल्या पासपोर्टवर १० टक्के सूट मिळते. केंद्रात टोकन देतात, मग ए, बी, सी असे तीन काउंटर. ए वर कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात, फोटो नेऊ नका. बी वर तपासणी. सी वर साहेब दोन प्रश्न विचारते आणि झालं. आईचे ठसे उमटून नव्हते राहिले, भांडे घासून घासून रेषाच गेल्या होत्या. त्या पोरीनं ओल्या रुमालानं बोटं पुसून दिली, मग आले.

नंतर पोलीस व्हेरिफिकेशन. घरी कोणीतरी असू द्या त्या दिवसांत.

---

त्रिमूर्तीनगरकर | ८ डिसेंबर, सकाळी ११:३०

थोडी भर घालतो. आता मिळतो तो चिप असलेला ई-पासपोर्ट. मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं. हे पासपोर्ट सुरुवातीला ज्या मोजक्या शहरांत आले त्यात आपलं नागपूर होतं, हे पुणे-मुंबईच्या नातेवाइकांना जरूर ऐकवा.

शेंगेन व्हिसासाठी (नेदरलँड्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) हिशेब ध्यानात ठेवा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हे! ५ एप्रिल ते ५ जुलै मोजून बघा, पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरायचा असतो. ते भरतात ९२. आमच्या साडूंनी हीच चूक तिकिटात केली होती, वेळेत लक्षात आलं म्हणून निभावलं. तुम्ही ८० ते ८५ दिवसांचं परतीचं ठरवा, जीव शांत राहतो.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. फी ९० युरो, शिवाय व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३० हजार युरोचा, संपूर्ण मुक्कामाचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. आरक्षण दाखवलं तरी भागतं. 'खात्रीशीर व्हिसा' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करा. खात्री कोणाच्याही हातात नसते.

---

पाणथळ | ८ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

मूळची नागपूरच्या महाल भागातली, आता अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये. आईबाबांना तीनदा बोलावलं, त्यामुळे अनुभवाचे बोल.

ऊनसावलीताई, खरं काम तुमच्या लेकाचं आहे. त्याला सांगा, नगरपालिकेत जाऊन स्पॉन्सरशिप आणि राहण्याच्या सोयीचा फॉर्म भरून, त्यावरची सही तिथे प्रमाणित करून घे. साधी सही केलेला फॉर्म चालत नाही. नगरपालिकेला इथे 'खमेंटे' म्हणतात. लिहितात ग, म्हणतात ख. पहिले सहा महिने मला वाटायचं सगळ्यांचा घसा बसलाय. त्याची अपॉइंटमेंट मिळायला कधी कधी दोन-तीन आठवडे जातात, म्हणून आत्ताच. मूळ कागद कुरिअरनं तुमच्याकडे. सोबत त्याच्या रहिवासी परवान्याची प्रत, पगाराच्या चिठ्ठ्या, नोकरीचा करार.

तुमच्या बाजूनं पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, आयकर रिटर्न, घराची कागदपत्रं. ती घराची कागदपत्रं का, तर तुम्ही परत येणार हे त्यांना पटायला हवं. एक साधं पत्र लिहा: का जाताय, कुठे राहणार, कधी परत येणार, परत का येणार. माझ्या बाबांनी त्या पत्रात 'भाजीपाल्याची बाग आहे, पावसाळ्याआधी परत यावंच लागतं' असं लिहिलं होतं. मी म्हटलं काढा ते. त्यांनी ठेवलं. व्हिसा मिळाला. त्या ओळीमुळे मिळाला असं मी म्हणत नाही, बाबा म्हणतात.

ट्यूलिपचं: केकेनहॉफची बाग साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. बहर बहुतेकदा एप्रिलच्या मध्याला. तिकीट ऑनलाइन, वेळेसकट घ्यावं लागतं. मेच्या शेवटी आलात तर फक्त चिखल दिसेल.

---

सांभारवडी | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

आता माझा विषय. खाऊ.

ताई, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्यांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, खवा नाही, पनीर नाही. घरचं कढवलेलं तूप बरणीत भरून नेणाऱ्या सगळ्या आयांना हे मोठ्यानं सांगावंसं वाटतं. ताजी फळं-भाज्याही झाडांच्या आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद फक्त पाच फळांचा: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे नागपूरहून निघायचं आणि जळगावची केळी न्यायची. संत्रं नाही! 🍊

कुरडया, पापड, मुगवड्या, तिखट, मसाले, डाळी, कोरड्या चटण्या बिनधास्त. लोणचं चेक-इन बॅगेत, हातातल्या सामानात नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनमध्ये टाकू नका, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानवाले काढून घेतात.

---

भर उन्हाळा | ८ डिसेंबर, रात्री ९:१०

आणि संत्रा बर्फी??

---

सांभारवडी | ८ डिसेंबर, रात्री ९:२२

मिठाई, चॉकलेट, बिस्किटं यांना सूट आहे. पण बर्फीत खवा असेल तर तपासणारा ती मिठाई म्हणेल की दुधाचा पदार्थ, ते त्याच्यावर. मी बंद पाकिटातली, वर घटक छापलेली, बिनखव्याची नेते.

---

पाणथळ | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

मी तर म्हणेन नकोच. वयस्कर माणसं, भाषा येत नाही, आणि अर्ध्या किलो बर्फीसाठी वाद घालत उभं राहायचं? नातीला दीड वर्षाच्या वयात बर्फी कशाला. बर्फी सून खाणार आहे, कबूल करा. 😄

---

औषधवाली | ९ डिसेंबर, दुपारी १:४५

अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. सावजी मसाला. त्यात खसखस असते. तुम्ही कोणत्या मार्गानं जाताय? शारजा किंवा दुबईवरून जाणार असाल तर खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. दोन चमचे असली तरी. सिंगापूरलाही तेच. माझी जाऊ दुबईला निघाली होती तेव्हा आदल्या रात्री साडेअकराला आम्ही अनारशाचा डबा उघडून बसलो होतो. वरची खसखस खरवडून चालणार नव्हतीच, अख्खा डबा शेजारी गेला. नेदरलँड्समध्ये खसखस चालते, पावावर लावून खातात. पण वाटेत बॅग हरवली, विमान चुकलं, बाहेर पडावं लागलं, तर विषाची परीक्षा कोण घेणार? मसाला दळतानाच खसखस वगळून दळून घ्या. दगडफूल, जायपत्री सगळं तसंच ठेवा. रस्सा थोडा पातळ होईल, भाजलेले तीळ वाटून घातले की दाट होतो.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल या गोळ्या आखातात नियंत्रित आहेत. काकांच्या गुडघ्यासाठी कोणी ट्रॅमाडॉल दिली आहे का ते पाहा. बाकी बीपी-शुगरची तीन महिन्यांची औषधं मूळ पाकिटातच, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट टाइप केलेली, कारण आपला ब्रँड तिथे कोणाला कळत नाही. आठवड्याभराची औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर ते सगळं हातातच, खाली सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं.

---

ऊनसावली | ९ डिसेंबर, दुपारी ३:२०

औषधवालीताई, तुमचे पाय कुठे आहेत. मसाला कालच इतवारीतून खसखशीसकट आणून दळायला टाकला होता! तो आता घरी संपवू, नवीन दळू. यांना वाईट वाटलेलं नाही.

यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'ट्रॅमाडॉल' आहे. खरंच आहे. डॉक्टरांकडे जातो.

---

त्रिमूर्तीनगरकर | ९ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

मार्गाबद्दल. सासू २०१९ मध्ये नागपूरहून थेट दोहा आणि पुढे ॲमस्टरडॅम अशा गेल्या होत्या. मुंबईला सामान ओढत फिरायचं नाही, इमिग्रेशन आपल्याच सोनेगावला, ही मोठी सोय. तुमच्या तारखांना ते विमान आहे का पाहून घ्या. मुंबईमार्गे जायचं तर संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं काढली की देशांतर्गत विमानाची १५ किलोची मर्यादा लागते आणि नागपूरलाच कुरडयांवर जादा वजनाचे पैसे भरता. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं थांबत नाही, आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

दोह्याला विमान बदलावं लागलं तर मधल्या चौकात भलंमोठं पिवळं अस्वल बसलेलं आहे, डोक्यात दिवा खुपसलेलं. सात मीटर उंच. 'चुकामूक झाली तर अस्वलापाशी' असं दोघांनी ठरवून ठेवा. सासूबाईंना त्या प्रवासातलं आजही एवढंच आठवतं.

---

पाणथळ | ९ डिसेंबर, रात्री ८:४०

आणि व्हीलचेअर. तिकीट काढतानाच मागा. पैसे लागत नाहीत. माणूस चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो, विमान बदलताना नेतो, इमिग्रेशनच्या रांगेतही सोबत असतो. भाषा न येणाऱ्यांना ती खुर्चीपेक्षा वाटाड्या म्हणून जास्त कामाची.

---

ऊनसावली | ९ डिसेंबर, रात्री ९:०५

विषय काढला. उत्तर मिळालं, 'मी काय लंगडा आहे का? फुटाळा तलावाला रोज फेरी मारतो.' फुटाळ्याला फेरी स्कूटरवर मारतात, हे मी इथेच लिहिते, घरात बोलत नाही.

---

जुनं दप्तर | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

ताई, 'मला एकटीला मागवते, तुम्ही सामान सांभाळत मागून चाला' असं म्हणून बघा.

---

सांभारवडी | १० डिसेंबर, सकाळी १०:१०

गरम कपडे आत्ता घ्या! एप्रिलात आपल्याकडे ४२ असेल तेव्हा तिथे सकाळी ५-६ अंश, वर वारा आणि पाऊस. तेव्हा नागपुरात स्वेटर शोधायला गेलात तर दुकानदार कूलर दाखवेल. सध्या तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार लागलाय. पातळ थर्मलचे दोन जोड आणि वारा अडवणारं एक जॅकेट, बास. जाड लोकरीचे चार नकोत, घरात तिथे हीटर असतो.

---

ऊनसावली | २१ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

गायब झाले होते, क्षमस्व. घडलेलं सांगते.

आधारवरचं आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग सुधारलं. दोन फेऱ्या झाल्या, पहिल्यांदा केंद्रावरच्या मुलानं दुरुस्तीत नवीन चूक केली. पावती हातात घेऊन तिथेच चष्मा लावून वाचा, ही माझी एकच सूचना. पासपोर्ट दोघांचे आले. माझ्या पहिल्या पानावर आता वानखडे आहे, मी बोट फिरवून बघितलं.

व्हिसासाठी मुंबईला गेलो, बोटांचे ठसे द्यायला. भाचा समृद्धीनं घेऊन गेला, सातशे किलोमीटर, रस्ता सरळ इतका की यांना झोप लागली आणि भाच्याला लागू नये म्हणून मी पाढे म्हणत बसले. हे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा द्यावे लागणार नाहीत असं तिथल्या मुलीनं सांगितलं. तिनं फाइल चाळून विचारलं, 'हे पेन्शनमध्ये वेगळं नाव?' मी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. दप्तरभाऊ, त्या क्षणी तुमची आठवण काढली.

पंधरा दिवसांत व्हिसा आला. ८४ दिवसांचं तिकीट काढलं.

---

जुनं दप्तर | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

🙏 पेन्शनचं दुरुस्तीपत्र मात्र पाठपुरावा करून घ्या. प्रतिज्ञापत्र ही फुंकर आहे, औषध नाही.

---

भर उन्हाळा | २१ फेब्रुवारी, रात्री ९:४५

काकू अभिनंदन! आता पैशाचं. बँकेचं सिम रोमिंगवर चालू ठेवा, काऊन की ओटीपी त्याच्यावरच येते. रोमिंग नसलं की पेन्शन खात्यात पडून राहते आणि तुम्ही तिकडे पाहून राहता. कार्डावर परदेशी व्यवहार आधीच बंद असते, ॲपमधून चालू करून जा. आणि तिकडे कार्ड घासलं की मशीन विचारते, रुपयात घेऊ की युरोत? युरोत म्हणा. रुपया पाहून आपल्याले बरं वाटते, पण तो दर त्यांचा असते, चांगला चुना लागते. रोख दोन-तीनशे युरो पुरे.

---

त्रिमूर्तीनगरकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:००

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. चार्जरची आपली दोन गोल पिनांची पिन तिकडे बसते, तीन पिनांची नाही. आणि ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर फोटो आणि ठसे घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे, तिथे रांग लागली तर गोंधळू नका.

घराचं विसरू नका. पेपर आणि दूध बंद करा. दारात पेपरचा ढीग म्हणजे चोराला आमंत्रण. पोलीस ठाण्यात कळवून ठेवा.

---

ऊनसावली | २ एप्रिल, रात्री ११:१५

उद्या निघतोय. बॅगा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजल्या. एक २२ किलो ८००, दुसरी २४ किलो १००. दुकानदारानं विचारलं, 'ताई, एवढं काय विकायला नेता?' दीड किलो कुरडया कमी केल्या, त्या त्यालाच दिल्या. तुळस आणि किल्ली शेजारी. शेजारीण म्हणाली, कूलरची टाकी रिकामी करा, डास होतात. बारा वाजत आले आणि हे गच्चीवर टाकी उपसून राहिले.

---

ऊनसावली | ६ एप्रिल, दुपारी १:०५ (तुमच्याकडे संध्याकाळचे साडेचार)

पोचलो. नात पहिले दोन तास जवळ आली नाही, मग यांचा चष्मा ओढला.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर सामान तपासणारा एक उंच मुलगा होता. त्यानं कुरडयांची पिशवी काढली, उजेडात धरली, बोटानं टकटक केलं. मला इंग्रजीत 'गव्हाचा चीक' कसं सांगायचं सुचेना. हे मागून म्हणाले, 'व्हीट. फ्राय. बिग.' आणि दोन्ही हात फुगवून दाखवले. मुलगा हसला, पिशवी परत ठेवली. मसाल्याचा डबा त्यानं वास घेऊन लगेच बंद केला.

हे सगळं यांनी खुर्चीत बसूनच केलं. हो, बसले. दोह्याला एका फाटकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर पाहिलं आणि काही न बोलता बसले. अस्वल पाहिलं. काल विचारत होते, परतीची खुर्ची आत्ताच सांगून ठेवायची असते का.

---

पाणथळ | ६ एप्रिल, दुपारी १:३०

हो, आत्ताच सांगा. आणि येत्या आठवड्यात केकेनहॉफ गाठा, ऊन पडलंय.

---

नवखा | ९ एप्रिल, रात्री १०:२०

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. सासऱ्यांचा पासपोर्ट काढायचाय, कामठीला असतात. आधारवर जन्मतारीख आणि दाखल्यावरची वेगळी आहे. कोणती खरी धरायची?

---

ऊनसावली | ९ एप्रिल, रात्री १०:५०

त्यातली एक १ जुलै आहे का? असेल तर जुनं दप्तर यांना हाक मारा, आम्ही इथे कुरडया तळतोय.